छापील बाजू आत

फ्लेक्सवर गळ्याच्या वरचा भाग तेवढा माझा होता. बारावीच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. गळ्याखाली पांढरा कोट होता आणि कोटावर स्टेथोस्कोप. ते अंग कोणाचे होते हे मला कधी कळले नाही. धाड या जवळच्या बाजारगावातल्या ज्या दुकानात फ्लेक्स छापला गेला, तिथे असे कोट संगणकात तयार असत. डॉक्टरचा पांढरा, वकिलाचा काळा, फौजदाराचा खाकी. गिऱ्हाईक येईल तसे वरचे डोके बदलत. कोटाच्या बाहीतून बाहेर आलेले हात माझ्या चेहऱ्यापेक्षा बरेच गोरे होते.

फ्लेक्स गावाच्या थांब्यावर दोन लाकडी बल्ल्यांच्या मध्ये ताणून बांधला होता. धाडहून बुलढाण्याला जाणारी एसटी आणि जीपगाड्या तिथे थांबत. वरच्या ओळीत ‘गावाचे भूषण’ असे होते. त्याखाली माझे नाव, नावाच्या आधी ‘डॉ.’, आणि मग हार्दिक अभिनंदन. तळाला शुभेच्छुकांचे लहान फोटो. त्यांत उजव्या टोकाला माझे वडील, डोळ्यांवर काळा चष्मा. हा चष्मा ते जीप चालवताना लावत. त्यांचा दुसरा फोटो घरात नव्हता.

मी डॉक्टर झाले नव्हते. मला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशही मिळालेला नव्हता. तो मिळणार नाही, हे फ्लेक्स बांधला त्या दिवशी मला माहीत होते.

नीट या प्रवेशपरीक्षेत दोन रेषा असतात. पहिली पात्रतेची. ती ओलांडली की निकालाच्या कागदावर ‘क्वालिफाइड’ असा शब्द येतो. दुसरी रेषा प्रवेशाची. ती कुठे असेल, हे त्या वर्षी इतरांनी किती गुण मिळवले यावर ठरते आणि सरकारी महाविद्यालयासाठी ती पहिलीच्या फार वर असते. खासगी महाविद्यालय हा आमच्या घरात बोलण्याचा विषय नव्हता. पहिल्या प्रयत्नात मी पहिली रेषा ओलांडली, तीही थोडक्यात. जीवशास्त्रात गुण बरे होते. भौतिकशास्त्रात जे येत नव्हते त्याचेही उत्तरपत्रिकेतले गोळे मी भरून टाकले होते आणि चुकलेल्या प्रत्येक गोळ्यापायी आधी कमावलेले गुण कापले गेले होते.

आमच्या भागात परीक्षेचे दोनच निकाल लोकांना ठाऊक होते. पास किंवा नापास. पास झालेल्याला काहीच मिळत नाही, अशी परीक्षा असू शकते, हे कोणी ऐकलेले नव्हते.

निकाल लागला तेव्हा वडील जीप घेऊन बुलढाण्याच्या वाटेवर होते. गाडी चालवताना ते फोन समोरच्या खणात ठेवून मोठ्या आवाजावर बोलत. त्यामुळे आमच्या घरचे बरेचसे बोलणे प्रवाशांना तोंडपाठ असे.

“लागला का निकाल?”

“लागला.”

“पास का नापास?”

“पास, पण बाबा...”

“पास!” हे त्यांनी मला नाही, जीपला सांगितले. मग गलका ऐकू आला.

“आता पेढ्याबिगर उतरत नाही आमी!”

“जीपवाल्याची पोरगी डॉक्टरीण झाली म्हना की.”

“मंग आता भाडं माफ करा आमचं, डॉक्टरचे बाप झाले तुमी.”

फोन चालूच राहिला. ‘पण’च्या पुढचे वाक्य मी संध्याकाळी घरी पूर्ण केले. वडील मोरीवर हातपाय धूत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, दोन्ही रेषांसकट. मग टॉवेलने तोंड पुसत विचारले,

“म्हंजे पास तं आहे ना?”

“आहे. पण नंबर नाही लागणार.”

“लिष्ट लागली का?”

“नाही, अजून लागायची आहे.”

“मंग लागू तं दे. तुले काऊन घाई?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ते सांगून राह्यली तं ऐका ना.” वडील म्हणाले, ऐकलं. पण तोवर धाडच्या दुकानात फ्लेक्सची ऑर्डर गेलेली होती. दुकानात काम करणारा माझा चुलत भाऊ होता. तो माझ्याहून मोठा. त्याला बातमी जीपमधल्या एका प्रवाशाकडून कळली होती आणि त्याने कोणाला विचारायची वाट पाहिली नव्हती.

मी त्याला फोन केला. म्हणाले, दादा, निदान ‘डॉ.’ तरी काढ.

“आता कसं काढू वं? छापून आलं ते.”

“पण मी डॉक्टर झालेच नाही.”

“होशील ना. वर्स-दोन वर्स आंधी लागला बोर्ड तं काय बिघडलं? अन् तुह्या डिगरीची वाट पाह्यत बसलो तं तवरोक दुकान राह्यते का नाही, कोनाले मालूम!”

पुढच्या रविवारी विहारात वंदनेनंतर माझा सत्कार झाला. शाल दिली, पुष्पगुच्छ दिला. दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभी राहिले आणि म्हणाले, मी अजून डॉक्टर झालेले नाही, प्रवेशाच्या याद्या लागायच्या आहेत आणि माझे गुण कमी आहेत. माझे बोलणे एवढेच होते. टाळ्या वाजल्या. माझ्यानंतर बोलायला उठलेले ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “पाहा, एवढी शिकली पण गर्व कसा तो नाही. असी नम्रता पाह्यजे लेकरात.” पुन्हा टाळ्या वाजल्या. वडील खांबाला टेकून बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मी पाहिले, पण त्याचा अर्थ त्या वेळी लावला नाही.

याद्या एकामागून एक लागल्या. कोणत्याही यादीत माझे नाव आले नाही. शेवटची यादी लागली तेव्हा फ्लेक्सचा एक कोपरा वाऱ्याने सुटला होता आणि शुभेच्छुकांची रांग हलत होती. घरात ठरले की मी एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची. लातूरला शिकवणीला जाण्याचा विषय निघाला आणि तसाच मिटला. बुलढाण्यात एक अभ्यासिका होती. सकाळी वडिलांच्या जीपने जायचे, दिवसभर तिथे बसायचे, संध्याकाळी त्याच जीपने परत यायचे.

जीपमध्ये माझी जागा पुढे होती. वडील आणि दुसरा एक प्रवासी यांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघा लागेल अशी. ही जागा आधी मानाची होती. त्या वर्षी ती चौकशीची खिडकी झाली.

धाडच्या बाजाराच्या दिवशी एक बाई चढल्या आणि माझ्या मांडीवर त्यांनी मोठे पिवळे पाकीट ठेवले. आत गुडघ्याचा एक्सरे होता.

“डॉक्टरीणबाई, पाहून द्या बरं जरा.”

“मावशी, मी डॉक्टर नाही. मला प्रवेश मिळाला नाही. पुन्हा परीक्षा द्यायची, त्याचा अभ्यास करायला चालले.”

“अभ्यास तं डॉक्टरलेही कराच लागते. पाय कायच्यानं फुगून राह्यला, तेवढं सांगा.”

मागून कोणीतरी म्हणाले, “मावशी, सुई नका मागजा बरं, जीपमधी नाही भेटत!”

“तू गप बस रे मेल्या. तुह्या घरी हाय का कोनी डॉक्टर?”

मी एक्सरे काचेसमोर धरला. त्यातले मला काही कळत नव्हते. बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हणाले, ज्यांनी काढायला सांगितला त्यांनाच दाखवा. त्यांनी पाकीट काढून घेतले आणि शेजारणीला म्हणाल्या, “आतापासूनच पाह्यत नाही वं फुकटात.”

असे अनेकदा झाले. मी दर वेळी खरे सांगितले आणि दर वेळी ते विनयात किंवा माजात जमा झाले. मधला रकाना नव्हता.

एकदा माझ्या शाळेतले एक जुने सर शेजारी बसले. त्यांना परीक्षेतले कळत होते. त्यांनी सरळ विचारले, “कोणतं कॉलेज मिळालं?”

मी उत्तर देण्याआधी वडील म्हणाले, “अभ्यास चालू आहे सर तिचा.” आणि त्यांनी काळा चष्मा लावला. सकाळ होती, आभाळ भरलेले होते आणि ऊन कुठेच नव्हते.

सरांनी पुढे काही विचारले नाही. त्यांना समजले होते. उतरताना ते मला म्हणाले, “फिजिक्स पक्कं कर.” त्या दिवशी अभ्यासिकेत मी पुस्तक उघडून बसले, पण पान उलटले नाही.

बुलढाण्याच्या स्टँडबाहेर जीपवाल्यांचा अड्डा होता. तिथे वडिलांचे नावच बदलले होते. निकालाच्या आठवड्यात कौतुकाने सुरू झालेली हाक नंतर तशीच राहिली. “ओ डॉक्टर, नंबर तुमचा, घ्या सीटा भरून.” “डॉक्टर, मागं घ्या गाडी, एसटी येऊन राह्यली.” “डॉक्टर, बिडी चालते का, का आता तब्येतीले वाईट?” काहींना खरी गोष्ट कळली होती, काहींना नव्हती. हाक मारण्याच्या पद्धतीवरून फरक कळत नसे. वडील ओ देत आणि गाडी मागे घेत.

दसऱ्याच्या सुमारास फ्लेक्स थांब्यावरून गेला. एका सकाळी पाहिले तर नुसत्या बल्ल्या होत्या. रात्री वारा होता, म्हणून वाऱ्याने गेला असेल असे मी धरले. मला बरे वाटले. त्या दिवशी जीपमध्ये मी मान वर करून बसले.

फ्लेक्स मला दोन दिवसांनी भेटला. आमच्या घरामागे शेजारच्या काकूंचे शेत आहे. काकू एकट्या शेती करत. कापलेल्या सोयाबीनचा ढीग, ज्याला आमच्याकडे सुडी म्हणतात, त्यांनी बांधाजवळ रचला होता. मळणीयंत्राचा नंबर येईपर्यंत सुडी पावसापासून झाकावी लागते. ताडपत्री महाग म्हणून जुने फ्लेक्स सगळेच वापरतात. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, श्रद्धांजलीचे. पावसाळा संपता संपता आमच्या शिवारात हात जोडलेले उमेदवार सुड्यांवर उताणे पडलेले असतात, त्याचे कोणाला काही वाटत नाही. फ्लेक्स नेहमी छापील बाजू वर करून टाकतात. त्या बाजूने पाणी लवकर ओघळते, असे म्हणतात.

काकूंच्या सुडीवरचा फ्लेक्स पांढरा होता. छापील बाजू आत होती. दगड ठेवून दाबलेला एक कोपरा तेवढा उलटला होता आणि त्यात काळा चष्मा लावलेले वडील दिसत होते.

काकू पलीकडे विळ्याने गवत कापत होत्या. मी विचारले, “काकू, हा फ्लेक्स वाऱ्यानं आला का?”

“वारा कायले आनते? तुह्या बापानं देल्ला.”

“कधी?”

“परवा. सकायच्या पारी स्वतः सोडून आनला. म्हने, वहिनी, तुमच्या सुडीले कामी येईन.”

“आणि उलटा का टाकला?”

काकूंनी विळा थांबवला. “मी तं सुलटाच टाकत होती. रंग मस्त हाय, पानीबी निथरते. तं थोच म्हने, छापेल बाजू आत करा. म्हटलं, काऊन? तं म्हने, पोरीचं तोंड उन्हापावसात नको.” मग म्हणाल्या, “आता तुले लागत असन तं घेऊन जाय बाई. मी दुसरं पाहीन काई.”

मी म्हणाले, नको, राहू द्या. कोपरा आत दुमडून त्यावर दगड सरकवला आणि घरी आले.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की वडिलांना अजून नीट कळलेले नाही. पास आणि प्रवेश यांतला फरक त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. ते आशेवर आहेत. त्यामुळे लाज माझी एकटीची होती आणि ती मला पुरत होती. त्या दिवशी कळले की त्यांना पहिल्या संध्याकाळीच सगळे कळले होते. विहारात त्यांनी टाळ्या का वाजवल्या नाहीत, तेही कळले. त्यांनी माझे तोंड उन्हापावसापासून वाचवले की लोकांपासून, की स्वतःपासून, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. फ्लेक्स कुठे गेला, हा विषय आमच्या घरात कोणीच काढला नाही.

त्यानंतर मी जो अभ्यास केला तो डॉक्टर होण्यासाठी कमी आणि तो फ्लेक्स खरा करण्यासाठी जास्त होता. गावातल्या प्रत्येक माणसाने वाचलेले एक वाक्य खोटे होते. ते खरे करणे एवढेच माझ्या हातात होते. नाहीतर माझ्या वडिलांना ‘डॉक्टर’ या हाकेला आयुष्यभर ओ द्यावी लागणार होती. अभ्यासिकेत माझ्यासारखी आणखी मुले होती. दुसऱ्यांदा बसणारी, तिसऱ्यांदा बसणारी. आम्ही एकमेकांना डबा देत असू, पण पहिल्या वेळचे गुण कोणी कोणाला सांगत नसे.

मे महिन्यात परीक्षा आली. केंद्र पुन्हा अकोल्याला मिळाले. वडिलांनी त्या दिवशी जीप बंद ठेवली आणि आम्ही एसटीने गेलो. फाटकाबाहेर पालकांची गर्दी होती. आत सोडण्याआधी बाह्या तपासत होते, केसांतल्या पिना काढायला लावत होते. मला हे सगळे माहीत होते, म्हणून मी पिना लावल्याच नव्हत्या. माझ्यापुढची मुलगी गोंधळली होती. तिच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारले, “काय काय चालतं हो आत न्यायला? आमची पहिलीच वेळ आहे. तुमची?”

“आमचीबी पहिलीच,” वडील म्हणाले.

मी अगदी शेजारी उभी होते. माझ्या हातात पाण्याची पारदर्शक बाटली होती. वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. चष्मा त्यांच्या खिशात होता. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि परत आला. त्यांना जीपचालक म्हणून मी लहानपणापासून पाहत होते. भाड्यावरून, जागेवरून, कोण आधी आले यावरून त्यांचे रोज वाद होत आणि त्यांत ते खोटे बोलत नसत. त्यासाठी ते अड्ड्यावर प्रसिद्ध होते. अनोळखी गावात, पुन्हा कधी न भेटणाऱ्या माणसापुढे ते माझ्यासाठी खोटे बोलले.

आत गेल्यावर जीवशास्त्र नीट झाले. रसायनही झाले. भौतिकशास्त्राला हात घातला तेव्हा मी प्रत्येक प्रश्नाशी थांबू लागले. उत्तर येत होते, पण गोळा भरायला पेन टेकले की वाटे, चुकले तर? पहिल्या वर्षी न येणाऱ्याचे गोळे भरले होते. या वर्षी येणाऱ्याचेही सोडले. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा बरेच गोळे कोरे होते. बाहेर येऊन नंतर उत्तरे जुळवली, तेव्हा कोऱ्या सोडलेल्यांतली बरीच उत्तरे मला बरोबर येत होती असे निघाले.

निकाल लागला. गुण वाढले होते. दुसरी रेषाही वाढली होती. कागदावर पुन्हा तोच शब्द होता, क्वालिफाइड.

या वेळी मी फोनवर सांगितले नाही. वडिलांना फोन करून फक्त एवढे विचारले की धाडहून कधी निघणार, आणि थांब्यावर जाऊन उभी राहिले. बल्ल्या अजून तिथेच होत्या. जीप आली. पुढची जागा एका माणसाने अडवली होती. तो उठून मागे गेला. “या डॉक्टरीणबाई,” म्हणाला. जीप भरलेली होती. मागे बाजारच्या बाया, कोंबड्यांची एक टोपली, दोन कॉलेजची मुले.

गाडी सुरू झाली. थोडे पुढे गेल्यावर मी म्हणाले, “बाबा, निकाल लागला. याही वर्षी नाही.”

मी हे हळू म्हणाले होते, पण जीपमध्ये हळू बोलले तर ते जास्त ऐकू जाते. वडिलांनी गिअर बदलला. मी गुडघा बाजूला घेतला.

मागून एका बाईने विचारले, “म्हंजे नापास झाली का व माय?”

मी म्हणाले, “नापास नाही. पास आहे, पण...”

“पास हाय तं मंग रडता कायले!” बाई म्हणाल्या. मी रडत नव्हते. “पास तं पास. लावा पुन्हा बोर्ड.”

दोघे-तिघे हसले. त्यात वाईट काही नव्हते. पुन्हा तेच होणार, हे मला दिसले. पुन्हा पेढे, पुन्हा तोच कोट.

तेव्हा वडील बोलले. रस्त्यावरून नजर न काढता, जीपभर ऐकू जाईल अशा आवाजात.

“बोर्ड नाही लागत. पोरीले सीट नाही भेटली. मागच्या सालीबी नोयती भेटली, अन् औंदाबी नाही. दोनदा बसली. ज्याले सीट भेटली थो पास. बाकी पास कागदावरचे. तवा बोर्ड लागला थो चुकीचा होता. मले मालूम होतं.”

टोपलीतली एक कोंबडी तेवढी ओरडली. जरा वेळाने मागचा माणूस म्हणाला, “होते हो. आमच्या पोऱ्याचं तं दहावीतच...” आणि त्याने त्याच्या मुलाची गोष्ट सुरू केली. जीपला दुसरा विषय मिळाला.

मी समोर पाहत होते. जे वाक्य मी वर्षभर पन्नास जणांना सांगून पटवू शकले नव्हते, ते त्यांनी एकदा सांगितले आणि पटले. त्याचे कारण साधे होते. मी सांगितले की तो विनय ठरत होता. त्यांनी सांगितले तेव्हा त्यांना त्याची किंमत पडत होती, आणि ती सगळ्यांना दिसत होती. मला मोकळे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. ज्या गोष्टीवर ते वर्षभर पांघरूण घालत होते, ती त्यांना स्वतःच्या जीपमध्ये, स्वतःच्या गिऱ्हाइकांपुढे माझ्यामुळे उघडी करावी लागली होती.

बुलढाण्याला पोचलो. अड्ड्यावरचा एक जण ओरडला, “डॉक्टर, मागं घ्या, मागं!” वडिलांनी खिडकीतून हात दाखवला आणि गाडी मागे घेतली. ती हाक पुढे कधी बंद झाली नाही. ती बंद करा, असेही ते कोणाला म्हणाले नाहीत.

तिसऱ्यांदा मी बसले नाही. बुलढाण्यालाच पदवी घेतली आणि पुढे वर्तमानपत्राच्या कामात आले. आता दर वर्षी निकालाच्या दिवसांत तालुक्यांहून बातम्या येतात. शेतकऱ्याच्या मुलीचे, चालकाच्या मुलाचे नीट परीक्षेत घवघवीत यश, सोबत फोटो. मी बातमीदाराला फोन करून विचारते, प्रवेश मिळाला का? बातमीदार वैतागतो. म्हणतो, “पास झाली ना ताई, घ्या की. घरचे लोक सकाळपासून फोन करून राह्यले.” मी म्हणते, प्रवेश झाल्यावर घेऊ. काही जण मला यावरून खडूस समजतात. मी कारण सांगत नाही.

वडिलांनी आता जीप विकली आहे. मागच्या वेळी गावी गेले तेव्हा काकूंची शेळी व्याली होती, ती पाहायला आम्ही दोघे मागच्या वाटेने गेलो. काकूंनी बांधावर शेळ्यांसाठी चार बल्ल्यांचे खोपटे केले आहे. आत वाकून शिरावे लागते. शेळी कोपऱ्यात उभी होती, दोन पिल्ले ओली होती. मी खाली बसले आणि सहज वर पाहिले.

छत फ्लेक्सचे होते. बाहेरून पांढरे, उन्हाने पिवळे पडलेले. आतून छापील बाजू होती आणि तिला इतक्या वर्षांत ऊन लागले नव्हते. दोन वेण्या, मिटलेले ओठ, पांढरा कोट, गोरे हात. नावाआधीचे ‘डॉ.’. फ्लेक्सवरचे काळ्या चष्म्यातले वडील खोपट्याच्या दाराशी आले होते. शेळ्यांकडे एवढी वर्षे वरून आम्हीच पाहत होतो.

वडीलही आत वाकले. त्यांनी वर पाहिले. बराच वेळ पाहिले. मला बाहेर जावेसे वाटले, पण दारात तेच होते.

“रंग टिकला,” ते म्हणाले.

मग त्यांनी एक पिल्लू उचलून शेळीच्या सडाला लावले, आणि मी दुसरे.